जखमेतील किडा : एका माशीची कुळकथा

सह्याद्रीत उगम पावलेली अंबा नदी पाली-नागोठण्यावरून वाहत येते आणि धरमतरच्या खाडीतून समुद्रास मिळते. पेण आणि अलिबाग यांच्या दरम्यानचे हे ठिकाण एके काळी मोठ्या वर्दळीचे होते. मुंबईहून आगबोट धरमतरास लागे. तेथून पुढे अलिबागकडे टांगे आणि बैलगाड्या सुटत. पेणच्या मिठागरांतील मीठ आणि खारेपाटातील भात घेऊन गाड्यांच्या रांगा खोपोलीच्या वाटेने घाटाकडे जात. दिवाळीनंतर भाताची कापणी आटोपली म्हणजे घाटावरील धनगर आपली मेंढरे घेऊन कोकणात उतरत आणि रिकाम्या खाचरांत कळप बसवीत. अशा ठिकाणी माणसाबरोबर जनावर येते, आणि जनावराबरोबर आणखी एक प्राणी न बोलावता येतो. तो प्राणी म्हणजे माशी.

जिच्या नावाने गृहिणी अन्नावर झाकण ठेवते ती घरमाशी येथे अभिप्रेत नाही. जिवंत प्राण्याच्या देहात आपली संतती वाढविणाऱ्या माश्यांचे एक निराळेच कूळ आहे. जुवाने खांदा सोललेला बैल, काट्याने खूर फाटलेली मेंढी, नुकतीच नाळ सुटलेले वासरू, ही त्या कुळाची पाळणाघरे होत. जखमेत किडे पडले, किंवा शेतकऱ्याच्या भाषेत 'आसडी पडली', म्हणजे गाडीवान सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरी, किंवा कापूर घाली. जनावराच्या बाबतीत त्याला त्यात काही अघटित वाटत नसे. जखम उघडी राहिली, माशी बसली, किडे झाले. पाला भरला, किडे पडले, जखम भरून आली. इतका सरळ हा व्यवहार होता.

परंतु तेच किडे माणसाच्या देहात दिसले की हा सरळपणा तत्काळ नाहीसा होई. मराठी भाषेतील अत्यंत कठोर शाप कोणता, असा प्रश्न केल्यास 'किडे पडून मरशील' हाच आठवेल. या शापात पापपुण्याचा एक संपूर्ण सिद्धांत दडलेला आहे. ज्याच्या अंगात किडे पडले त्याने काहीतरी महापातक केले असले पाहिजे, आणि ते किडे त्याच्या देहातूनच, त्याच्या कर्मातूनच निपजले असले पाहिजेत, असे लोक समजत. बैलाला जे दुखणे होते, तेच माणसाला झाले की त्याला शिक्षा म्हणावयाचे! या एका समजुतीपायी किती रोगी गोठ्यात, देवळाच्या ओवरीत आणि गावकुसाबाहेर टाकले गेले असतील, त्याची गणती कोणी ठेवलेली नाही.

नवल असे की, या देशातील शल्यशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वीच उलगडून ठेवली होती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, अगदी पहिल्याच अध्यायात, व्रणाची चर्चा करताना स्पष्ट सांगितले आहे की, माश्या व्रणावर येऊन कृमी टाकतात, ते कृमी मांस खाऊ लागले म्हणजे दारुण सूज येते आणि वेदना होतात. तेथे पापाचा उल्लेख नाही. उपाय सांगितले आहेत तेही असेच व्यवहारी आहेत. सातवीण, करंज, रुई, कडूनिंब इत्यादींच्या साली गोमूत्रात वाटून लावाव्या, क्षाराच्या पाण्याने व्रण धुवावा. किंवा मांसाच्या तुकड्याने व्रण झाकून, किडे त्या मांसाकडे वळले की त्यांस बाहेर काढावे. यांपैकी करंज आणि सातवीण ही झाडे कोकणात जागोजाग उभी आहेत. त्याच ग्रंथाच्या उत्तरतंत्रात कृमींमुळे होणारा मस्तकरोग वेगळा वर्णिला आहे, आणि नाकाच्या रोगांत 'पीनस' सांगितला आहे. पुढे उत्तर हिंदुस्थानात नाकातील किड्यांच्या दुखण्यासच लोक पीनस म्हणू लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज अमलातील वैद्यकीय नियतकालिकांतही ते याच नावाने छापून येऊ लागले.

पाश्चात्त्य देशांतही प्रारंभीचे अनुभव असेच होते. होमरच्या इलियड महाकाव्यात अकिलीस युद्धास निघताना एका भयाने व्याकूळ होतो: त्याचा मृत मित्र पात्रोक्लस याच्या जखमांत माश्या शिरून किडे उत्पन्न करतील, हे ते भय. त्याची माता थेटिस ही देवता माश्या हाकलून लावण्याचे वचन देते, तेव्हा कोठे तो निश्चिंत होतो. म्हणजे माशी आणि किडा यांचा संबंध कवीला ठाऊक होता. तथापि पुढील कित्येक शतके पंडितांनी मात्र असे मानिले की, कुजणाऱ्या मांसापासून किडे आपोआप जन्मतात. ही समजूत फ्रान्सेस्को रेदी या इटालियन वैद्याने १६६८ साली मोडली. त्याने मांसाचे तुकडे बरण्यांत ठेविले. काही बरण्या उघड्या टाकिल्या आणि काहींच्या तोंडांवर बारीक जाळीचे कापड बांधिले. उघड्या बरण्यांत किडे झाले, झाकलेल्यांतील मांसात झाले नाहीत. एवढ्या साध्या प्रयोगाने, किडा मांसातून जन्मत नाही, माशीच्या अंड्यातून जन्मतो, हे सिद्ध झाले. शापाच्या मुळावरचा हा पहिला घाव होय. परंतु त्याचा आवाज खेड्यापाड्यांपर्यंत पोचण्यास पुढे फार काळ लागला.

या दुखण्यास शास्त्रीय नाव मिळाले ते १८४० साली. फ्रेडरिक विल्यम होप या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने माशीवाचक ग्रीक शब्दावरून 'मायासिस' असा शब्द योजिला. त्यानंतर १८५८ साली शार्ल कोकरेल या फ्रेंच आरमारी शल्यवैद्याने दक्षिण अमेरिकेतील कायेन येथील बंदिवानांच्या नाकांतून निघालेल्या किड्यांचा अभ्यास करून त्यांच्या माशीला जे नाव दिले त्याचा अर्थ 'मनुष्यभक्षक' असा होतो. नाव भयंकर खरे. परंतु त्यामागील वस्तुस्थिती विचार करण्याजोगी आहे. ती माशी माणसांत निवड करीत नव्हती. कायेनचे बंदिवान आजारी, उपाशी आणि दुर्लक्षित होते. त्यांच्या जखमा बांधावयास कोणी नव्हते. माशीने पाप हुडकले नव्हते, उघडी जखम हुडकली होती.

हिंदुस्थानातील मनुष्यांस आणि जनावरांस उपद्रव देणारी मुख्य माशी कोणती, याचा निर्णय विसाव्या शतकात लागला. १९१४ साली व्हिलनव्ह या फ्रेंच संशोधकाने आफ्रिकेतील नमुन्यांवरून एका माशीचे वर्णन केले आणि बेझी या इटालियन कीटकशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ तिला 'क्रायसोमाया बेझियाना' असे नाव दिले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील वॉल्टर स्कॉट पॅटन याने, ज्याचा क्रॅग याच्यासह लिहिलेला वैद्यकीय कीटकशास्त्रावरील ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला होता, १९२० साली दाखवून दिले की, हिंदुस्थानात माणसांच्या व जनावरांच्या जखमांत किडे पाडणारी सामान्य माशी ती हीच. अशा प्रकारे गाडीवानाच्या बैलाचे दुखणे आणि ओवरीत पडलेल्या रोग्याचे दुखणे एकाच माशीच्या नावावर मांडले गेले.

या माशीचा जीवनक्रम ध्यानी घेण्यासारखा आहे. अंगाने ती निळसर-हिरवी आणि चकाकणारी, चेहरा पिवळसर. मादी जखमेच्या कडेला एका वेळी दीडशे-दोनशे अंडी घालते. दिवस उलटण्याच्या आत अंडी फुटतात आणि अळ्या डोके खाली व शेपूट वर करून मांसात शिरतात. श्वासाची छिद्रे शेपटाकडे असल्यामुळे तेवढेच टोक बाहेर दिसते. अळीच्या अंगावर काट्यांची वलये असतात, त्यामुळे ती मळसूत्री खिळ्यासारखी दिसते आणि ओढली तरी सहज निघत नाही. सहा-सात दिवस ती जिवंत मांस खाते, मग जमिनीवर पडून मातीत कोश करते, आणि उष्ण हवेत साधारण आठवड्याभराने त्यातून नवी माशी बाहेर पडते. या क्रमात एक गोष्ट स्पष्ट दिसते. अंडी घातल्यापासून पहिल्या दिवसात जखम पाहिली, धुतली आणि बांधली, तर पुढचा सारा अनर्थ टळतो. म्हणून हे दुखणे वस्तुतः त्या एका दिवसाच्या दुर्लक्षाचे आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जखमेत पडणारा प्रत्येक किडा घातकच असतो असे नाही. काही जातींच्या अळ्या केवळ मृत मांस खातात. नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याने १७९९ सालच्या सीरियातील मोहिमेत पाहिले की, किडे पडलेल्या सैनिकांच्या जखमा उलट लवकर स्वच्छ होतात. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, विल्यम बेअर या अमेरिकन शल्यवैद्याला असाच अनुभव आला. सात दिवस रणांगणावर पडून राहिलेल्या दोन सैनिकांच्या जखमा किड्यांनी भरलेल्या होत्या. किडे धुऊन काढल्यावर आत निरोगी लाल मांस दिसले. पुढे बेअरने निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या अळ्यांनी हाडांच्या जुनाट रोगांवर उपचार केले, आणि १९३१ साली ते अनुभव प्रसिद्ध झाले. तीच अळी एका ठिकाणी शाप आणि दुसऱ्या ठिकाणी औषध ठरावी, यावरून शापाचा सिद्धांत किती पोकळ आहे हे दिसून येते. अर्थात ही निवड शल्यवैद्याच्या हातची आहे. रानातील माशीवर ती सोपविता येत नाही.

असल्या माश्या उष्ण आणि अस्वच्छ देशांतच असतात, थंड व निर्मळ उत्तरेकडील अरण्ये त्यांपासून मुक्त आहेत, अशी एक समजूत सुशिक्षितांत आढळते. तीही खरी नाही. नॉर्वेचा अगदी उत्तरेकडील फिनमार्क प्रांत हा रेनडिअर हरणांचा प्रदेश. तेथे या हरणांच्या केसांवर अंडी घालणारी एक केसाळ, मधमाशीसारखी दिसणारी माशी आहे. तिची अळी कातडीखालून फिरत हरणाच्या पाठीवर येऊन गाठ करते. क्वचित ती माशी चुकून माणसाच्या केसांवर अंडी घालते. मग चेहऱ्यावर व डोक्यावर सूज येते, ती एका जागी राहत नाही, मानेतील गाठी फुगतात, आणि प्रसंगी अळी डोळ्यात शिरून दृष्टीस अपाय करते. २०११ ते २०१६ या काळात नॉर्वेतील अशा ३९ रोग्यांची हकीकत तेथील वैद्यांनी प्रसिद्ध केली; त्यांत बहुतेक लहान मुले होती. नॉर्वेसारख्या संपन्न देशातील, न्हाऊमाखू घातलेल्या या मुलांनी कोणते पातक केले असेल?

उत्तर अमेरिकेच्या अरण्यांतही ससे आणि उंदीर यांच्या अंगात वाढणारी एक मोठी माशी आहे. ती बिळांच्या तोंडाशी व झाडाझुडपांवर अंडी घालते. उन्हाळ्यात रानात भटकावयास गेलेल्या मनुष्याच्या कातडीत तिची अळी क्वचित शिरते आणि गळवासारखी गाठ येते. मधोमध एक छिद्र असते, त्यातून अळी श्वास घेते. गावठी गळू समजून ते दाबीत बसले तर अळी निघत नाही. मध्य व दक्षिण अमेरिकेतील अशाच दुसऱ्या एका माशीची तऱ्हा आणखी चमत्कारिक. ती स्वतः माणसाजवळ येतच नाही; डासाला धरून त्याच्या पोटावर आपली अंडी चिकटविते, आणि डास चावावयास बसला की अळ्या उतरतात. तिच्यावर अमेरिकन वैद्यांनी १९९३ साली एक उपाय प्रसिद्ध केला: डुकराच्या चरबीयुक्त मांसाचा तुकडा छिद्रावर ठेवावा, म्हणजे हवेसाठी अळी वर येऊन त्यात शिरते आणि चिमट्याने धरता येते. मांसाने व्रण झाकून कृमी काढावे, हे सुश्रुताचे वचन येथे सहज स्मरते. दीड हजार वर्षांहून अधिक अंतराने दोन वैद्य एकाच युक्तीपाशी येऊन पोचले.

मेंढरांच्या मागे फिरणारी माशी मात्र धरमतरास परकी नाही. मेंढीच्या नाकात वाढणारी ही माशी अंडी न घालता जिवंत बारीक अळ्याच उडता उडता नाकपुडीवर फेकते. ती जवळ येताच मेंढ्या पाय आपटतात, नाके जमिनीत खुपसतात, एकमेकींच्या पोटाखाली दडवितात. धनगराच्या नजरेतून हे सुटत नाही. कधी कधी नेम चुकतो आणि अळ्या मेंढपाळाच्या डोळ्यात पडतात. डोळ्यात कचरा उडाल्यासारखे वाटते, मग आग होते, पाणी वाहते. अल्जीरियातील काबील मेंढपाळ या दुखण्यास 'थिम्नी' म्हणतात. सेर्जाँ बंधूंनी त्याचे वर्णन १९०७ साली केले, आणि पुढे हिंदुस्थानातील नेत्रवैद्यांनाही असे रोगी आढळले. माणसाच्या डोळ्यात या अळ्या वाढू शकत नाहीत, थोड्याच दिवसांत मरतात. वैद्याने डोळा धुऊन त्या काढल्या की बहुधा आराम पडतो.

या सर्व हकीकतीचे मर्म महाराष्ट्रात एका प्रसंगाने सर्वांच्या नजरेस आणून दिले. विदर्भातील वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष मुरलीधर देविदास आमटे, ज्यांना पुढे सारे जग बाबा आमटे म्हणून ओळखू लागले, भंगी बांधवांबरोबर मैला वाहण्याचे काम करीत असत. एका पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेला त्यांना एक महारोगी पडलेला दिसला. त्याचे नाव तुळशीराम. बोटे झडून गेलेली, देह किड्यांनी व्यापलेला, आणि प्राण अद्याप शिल्लक. आमटे हे शिकारीची हौस केलेले, निर्भय म्हणून नाव असलेले गृहस्थ. परंतु ते दृश्य पाहून ते भीतीने घरी पळाले. मग त्या पळण्याचीच त्यांस लाज वाटली. ते परत गेले आणि तुळशीरामाची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. त्यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयात महारोगाचे शिक्षण घेतले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली, आणि १९५१ साली वरोऱ्याजवळ आनंदवनाचे कार्य विनोबांच्या हस्ते सुरू झाले.

तुळशीरामाच्या देहात किडे का पडले, याचे उत्तर शास्त्र देते. महारोगाने कातडीची संवेदना जाते, जखम झालेली कळत नाही, माशी बसलेली कळत नाही. बोटे झडल्यामुळे माशी हाकलताही येत नाही. नाकाच्या आतील त्वचा सुकते, दुर्गंधी सुटते आणि माशीला आमंत्रण मिळते. परंतु शास्त्राच्या या उत्तरात आणखी एक उत्तर मिसळलेले आहे. समाजाने त्या माणसास रस्त्यावर टाकले होते, म्हणून त्याची जखम पाहणारा कोणी नव्हता. शापामुळे रोगी टाकला गेला, टाकल्यामुळे किडे पडले, आणि किडे पडले म्हणून शाप खरा ठरला. हे चक्र वरोऱ्याला त्या रात्री एका माणसाच्या परत फिरण्याने तुटले.

जनावरांच्या बाबतीत माणसाने या माशीशी मोठे युद्धही केले आहे. अमेरिकेतील मनुष्यभक्षक माशीची मादी आयुष्यात एकदाच नराशी संग करते, हे पाहून निपलिंग आणि बुशलँड या दोघा शास्त्रज्ञांनी किरणांच्या योगे नर वांझ करून लाखोंनी आकाशातून सोडण्याची युक्ती काढली. १९५४ साली क्युरासाओ बेटावर ती यशस्वी झाली. पुढे अमेरिकेतून, मेक्सिकोतून आणि २००६ पर्यंत पनामापर्यंतच्या सर्व मुलखातून ती माशी नाहीशी करण्यात आली. १९८८ साली ती अटलांटिक ओलांडून लिबियात आढळली, तेव्हा मेक्सिकोत वाढविलेल्या वांझ माश्या विमानाने नेऊन तेथूनही तिचा नायनाट केला गेला. परंतु पनामाची तटबंदी पुढे ढासळली आणि नोव्हेंबर १९२४ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या, म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरात ती माशी मेक्सिकोत पुन्हा सापडली. इतके ज्ञान, इतकी विमाने, इतका पैसा; तरी पहारा ढिला पडताच माशी परत आली.

हिंदुस्थानातील माशी तर कधी गेलीच नव्हती. आजही पावसाळ्याच्या आगेमागे सरकारी रुग्णालयांतून असे रोगी येतात. वैद्य टर्पेंटाइनसारख्या द्रव्याने अळ्यांची हवा बंद करतात, एकेक अळी चिमट्याने काढतात, आणि आयव्हरमेक्टिन नावाचे औषध देतात. हे औषध जपानातील मातीत सापडलेल्या जंतूपासून निघाले आणि त्याबद्दल ओमुरा व कॅम्पबेल यांस २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. उपचार सोपा आहे, रोगी बहुधा बरा होतो. अवघड असते ते रोग्यास वेळेवर रुग्णालयात आणणे; कारण घरच्या मंडळींस अद्याप लाज वाटते.

ही लाज केवळ खेड्यांत आहे असे समजण्याचे कारण नाही. शहरातील नीटनेटक्या घरांतही अंथरुणाला खिळलेले वृद्ध असतात, मधुमेहाने पायाची संवेदना गेलेले असतात, पक्षाघाताने हात न हलविता येणारे असतात. त्यांच्या पाठीवरील, टाचेवरील, बोटांच्या बेचक्यांतील जखम कोणी रोज पाहिली नाही, तर खिडकीतून आलेली एक माशी पुरेशी होते. मग डॉक्टरास बोलावण्यापूर्वी घरात कुजबुज सुरू होते, आणि तीच जुनी शापवाणी, नव्या शब्दांत का होईना, पुन्हा ऐकू येते.

धरमतरच्या वाटेवरील तो निरक्षर गाडीवान रोज संध्याकाळी जू उतरल्यावर बैलाच्या खांद्यावरून हात फिरवून पाही. जखम दिसली तर तो पाला शोधी; बैलाच्या पूर्वजन्माचा विचार करीत बसत नसे. घरातील रोगी माणसाच्या वाट्याला निदान तेवढा हात आणि तेवढी शहाणीव आली, तर या माशीला मनुष्याच्या देहात जागा सापडणे फार कठीण होईल.